एच-१बीवर असताना नोकरी गेली तर : साठ दिवसांचा हिशेब कसा मांडावा

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याची नोकरी जाते तेव्हा पगाराबरोबर त्या देशात राहण्याचा कायदेशीर आधारही सुटतो. त्याच दिवशी काढून टाकलेला नागरिक सहकारी बेकारभत्त्यासाठी अर्ज करून चार-सहा महिने सवडीने काम शोधू शकतो. एच-१बीधारकाला मात्र जास्तीत जास्त साठ दिवसांत नवी नोकरी, निराळा इमिग्रेशन दर्जा किंवा परतीचे विमान यांपैकी एक पर्याय पक्का करावा लागतो. अशा वेळी बहुतेकांचे लक्ष सेव्हरन्सच्या, म्हणजे नोकरी जाताना कंपनी देते त्या, रकमेकडे जाते. ते स्वाभाविक आहे. पण माझ्या मते कंपनीशी घासाघीस करायचीच असेल, तर ती आधी तारखेसाठी करावी आणि नंतर पैशासाठी. पुढची जवळजवळ प्रत्येक गोष्ट नोकरीचा शेवटचा दिवस कोणता धरला जातो यावर अवलंबून असते.

साठ दिवसांची ही सवलत १७ जानेवारी २०१७ पासून लागू झालेल्या नियमाने मिळाली. त्याआधी कागदोपत्री अशी मुदतच नव्हती. एच-१बीखेरीज एल-१, ओ-१, ई-३, टीएन अशा काही दर्जांनाही ती लागू आहे. तिच्या तीन मर्यादा अनेकांच्या लक्षात येत नाहीत. पहिली अशी की, साठ दिवस किंवा आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीवरची मुदत, यांपैकी जे आधी संपेल तेवढाच काळ मिळतो; आय-९४ तीन आठवड्यांत संपत असेल, तर हाती तीनच आठवडे आहेत. दुसरी अशी की, हे दिवस सलग मोजले जातात आणि मंजूर मुदतीच्या एका कालखंडात ही सवलत एकदाच मिळते. मधली नोकरी वीस दिवसांत मिळाली म्हणून उरलेले चाळीस दिवस शिल्लक राहत नाहीत. तिसरी अशी की, ही सवलत देणे वा कमी करणे यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याच्या अखत्यारीत आहे. या काळात काम मात्र करता येत नाही, जुन्या कंपनीसाठी नाही आणि बाहेरचे किरकोळ कामही नाही.

शेवटचा दिवस कोणता?

मोजणी नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होते आणि नोकरी संपल्याचा दिवस ठरवताना यूएससीआयएस साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार दिला गेला तो दिवस धरते. सेव्हरन्स हा पगार नव्हे. तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम एकदम हातात पडली किंवा दर पंधरवड्याला खात्यात जमा होत राहिली, तरी तिच्यामुळे साठ दिवसांचे घड्याळ थांबत नाही. म्हणून एचआरशी पहिल्याच बोलण्यात विचारायचा प्रश्न असा : माझ्या नोकरीच्या समाप्तीची तारीख कोणती, आणि त्या तारखेपर्यंत मी नियमित पगारपत्रकावर आहे का? उत्तर लेखी घ्यावे.

यापुढची मागणी अशी करता येते की, सेव्हरन्सचा काही भाग एकरकमी न देता तेवढे आठवडे मला पगारपत्रकावर ठेवावे. कंपनीच्या खिशातून जवळपास तितकेच पैसे जातात, कर्मचाऱ्याला मात्र चार किंवा सहा आठवडे जास्त मिळू शकतात, आणि काही कंपन्या ही विनंती मान्यही करतात. शंभर किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना मोठ्या प्रमाणावर कपात करताना वॉर्न या कायद्यानुसार साठ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते. या काळात कर्मचारी पगारावर असेल, तर नोकरी अजून संपलेली नसते. अर्थात काम काढून घेतलेले आणि पगार मात्र चालू, ही अवस्था पूर्णपणे निर्धोक आहे असे समजू नये. अशा काळाकडे खाते उद्या कसे पाहील याची हमी नसते. त्यामुळे हे जास्तीचे आठवडे राखीव मानावेत आणि नियोजन मात्र बातमी कळली त्या दिवसापासूनच करावे.

उलट टोकाची एक सूचनाही कधी कधी कानावर येते : 'पगार देत नाही, पण नाव पटावर ठेवतो.' ती कधीही स्वीकारू नये. काम नसतानाही एच-१बीधारकाला पगार देणे मालकावर बंधनकारक आहे. बिनपगारी नावाने दर्जा टिकत तर नाहीच, शिवाय पुढच्या अर्जात पगाराच्या पावत्या मागितल्या की दाखवायला काही उरत नाही.

सेव्हरन्सच्या करारावर त्याच दिवशी सही करू नये. वय चाळीस किंवा त्याहून अधिक असेल आणि वयावरून झालेल्या भेदभावाचे दावे सोडून देण्याची अट करारात असेल, तर विचारासाठी किमान २१ दिवस, सामूहिक कपातीत ४५ दिवस आणि सहीनंतर माघार घेण्यासाठी ७ दिवस मिळण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. चाळिशीच्या आतल्यांना हे संरक्षण नाही, तरीही दोन-चार दिवस मागून घेण्यात गैर काही नाही.

पहिल्या तासातली कागदपत्रे

हल्ली ही बातमी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ बैठकीत दिली जाते. एचआरमधली एक अनोळखी व्यक्ती लिहून आणलेला मजकूर वाचते, 'काही प्रश्न?' असे विचारते, आणि बैठक संपेपर्यंत कंपनीचा ईमेल बंद झालेला असतो. पगाराच्या पावत्या ज्या पोर्टलवर होत्या, तेही त्याच लॉगिनने उघडत असे. म्हणून हे कागद नोकरी सुरळीत असतानाच स्वतःच्या खात्यात जतन करून ठेवणे सर्वांत बरे : सर्व आय-७९७ मंजुरीपत्रे, शेवटच्या काही महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, प्रत्येक वर्षाचा डब्ल्यू-२ हा पगार व कराचा दाखला, एलसीएची (पगार व कामाच्या अटींबद्दल मालकाने श्रम खात्याकडे केलेल्या अर्जाची) प्रत, नेमणूकपत्र आणि ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू असल्यास आय-१४० च्या, म्हणजे ग्रीन कार्डासाठी मालकाने केलेल्या अर्जाच्या, मंजुरीपत्राची प्रत. आय-९४ सरकारी संकेतस्थळावरून स्वतः काढता येतो. कंपनीचे कोड, ग्राहकांच्या याद्या किंवा अंतर्गत अहवाल यांना मात्र चुकूनही हात लावू नये. अशा प्रसंगी तो वाद अजिबात परवडत नाही.

अनुभवाचे पत्र हा कागद लोक विसरतात आणि वर्षा-दोन वर्षांनी त्यासाठी धावाधाव करतात. पुढच्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी पर्मची, म्हणजे श्रम खात्याच्या प्रमाणपत्राची, प्रक्रिया सुरू केली की, आधीच्या नोकरीतली कामे, वापरलेली तंत्रे आणि तारखा तपशिलाने नोंदवलेले पत्र लागते. आपल्या थेट वरिष्ठांना आपल्याबद्दल अजून हळहळ वाटत असते तोवर, म्हणजे पहिल्या आठवड्यातच, हे पत्र मागावे. एचआर तपशिलात शिरायला तयार नसेल, तर आपले काम जवळून पाहिलेल्या माजी सहकाऱ्याचे पत्रही चालू शकते.

कॅलेंडर उलटे मोजावे

साठाव्या दिवसापर्यंत नवी कंपनी शोधायची असते, असा एक गोड गैरसमज आहे. प्रत्यक्षात साठाव्या दिवसापर्यंत नव्या कंपनीचा एच-१बी अर्ज यूएससीआयएसकडे पोहोचलेला असावा लागतो, आणि ऑफर लेटर हातात पडल्यापासून अर्ज पोहोचेपर्यंत बराच वेळ जातो. त्यामुळे मोजणी शेवटापासून सुरुवातीकडे करावी.

समजा, पगाराचा शेवटचा दिवस शुक्रवार, ६ मार्च २०२६ हा आहे. ७ मार्च हा पहिला दिवस धरला, तर साठावा दिवस मंगळवार, ५ मे रोजी येतो. एच-१बी अर्जाआधी नव्या कंपनीला श्रम खात्याकडून एलसीए मंजूर करून घ्यावा लागतो आणि त्याला कामकाजाचे सात दिवस लागतात. तो २२ एप्रिलला दाखल झाला, तर साधारण १ मेच्या शुक्रवारी हातात येईल. मध्ये शनिवार-रविवार, मग कुरिअर. म्हणजे २२ एप्रिल ही ताणून धरलेली शेवटची तारीख झाली. त्याआधी कंपनीच्या वकिलाला कागद जमवायला आठवडाभर द्यायला हवा, म्हणजे ऑफर एप्रिलच्या मध्यावर, साधारण चाळिसाव्या दिवसापर्यंत, हातात हवी. मुलाखतींच्या चार-पाच फेऱ्यांना तीन-चार आठवडे लागतात हे धरले, तर पहिले गंभीर बोलणे मार्चच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत सुरू व्हायला हवे. नवी कंपनी लहान असेल आणि तिने पूर्वी कधी एच-१बीचा अर्ज केला नसेल, तर तिचा कर क्रमांक श्रम खात्याकडून पडताळला जाण्यात आणखी काही दिवस जातात. म्हणून लहान कंपनीकडे ही चौकशी पहिल्याच मुलाखतीनंतर करावी.

यावरून मुलाखतीत व्हिसाचा विषय कधी काढावा याचेही उत्तर मिळते. संकोचामुळे लोक तो अखेरपर्यंत लांबवतात. माझे मत याच्या उलट आहे : पहिल्या फोनवर रिक्रूटरला सरळ सांगावे की, मला एच-१बीची ट्रान्सफर लागेल, माझे नाव लॉटरीत पूर्वीच निघालेले आहे, आणि अर्ज अमुक तारखेपर्यंत दाखल व्हायला हवा. जी कंपनी प्रायोजकत्व देतच नाही, ती दुसऱ्या दिवशी कळलेली बरी. चौथ्या फेरीनंतर कळून उपयोग नाही. लॉटरीचा उल्लेख मुद्दाम करावा, कारण नव्या एच-१बींवर वर्षाला ६५,००० आणि अमेरिकेतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी जी मर्यादा लॉटरी काढून भरली जाते, तिच्यात एकदा मोजला गेलेला माणूस एच-१बीची एकूण सहा वर्षांची मुदत शिल्लक असेपर्यंत पुन्हा मोजला जात नाही. अनेक रिक्रूटरांना हे ठाऊक नसते.

अर्ज खात्याकडे पोहोचल्याची पावती मिळाली की, मंजुरीची वाट न पाहता नव्या ठिकाणी काम सुरू करता येते. ही मुभा २००० सालच्या कायद्याने दिली आहे. तरीही कंपनी तयार असेल, तर जादा शुल्काचे प्रीमियम प्रोसेसिंग करून घ्यावे, म्हणजे कामकाजाच्या पंधरा दिवसांत खात्याची प्रतिक्रिया कळते. एल-१ वर, म्हणजे कंपनीअंतर्गत बदलीच्या दर्जावर, असणाऱ्यांना ही मुभा नाही. त्यांचे नाव पूर्वी एच-१बीच्या मर्यादेत मोजले गेले नसेल, तर दुसऱ्या कंपनीत जाण्यासाठी सहसा लॉटरीतूनच जावे लागते.

या घाईचा फायदा उठवणारेही असतात. 'आमच्या पगारपत्रकावर नाव लावतो, अर्जाचा खर्च तुम्ही द्या, काम नंतर बघू,' असे सांगणारी कन्सल्टन्सी भेटली, तर तिथेच थांबावे. एच-१बी अर्जाचा सरकारी आणि वकिलाचा खर्च मालकानेच करायचा असतो, आणि जे काम अस्तित्वातच नाही त्यावर आधारलेला अर्ज पुढे कधीही उकरून काढला जाऊ शकतो.

साठ दिवसांत जमले नाही तर

साधारण पंचेचाळिसाव्या दिवशी स्वतःशी प्रामाणिक आढावा घ्यावा. ऑफर दृष्टिपथात नसेल, तर साठावा दिवस उलटण्याआधी आय-५३९ हा अर्ज भरून दर्जा बदलून मागता येतो. पती किंवा पत्नी स्वतः एच-१बीवर असेल, तर एच-४, म्हणजे अवलंबिताचा दर्जा, हा सर्वांत सरळ मार्ग आहे. त्या जोडीदाराचा आय-१४० मंजूर असेल, तर एच-४ वर काम करण्याचे परवानापत्र, म्हणजे ईएडीही मागता येते, आणि पुढे नोकरी मिळाल्यावर उरलेल्या मुदतीपुरते लॉटरीशिवाय एच-१बीवर परत येता येते.

असा जोडीदार नसलेले बहुतेक जण बी-२, म्हणजे पाहुण्याचा दर्जा मागतात. अर्ज मुदतीत केला असेल, तर तो निकाली निघेपर्यंतचे राहणे अधिकृत मानले जाते, आणि बी-१ किंवा बी-२ वर नोकरी शोधायला व मुलाखत द्यायला हरकत नाही, असे यूएससीआयएसने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. काम मात्र करता येत नाही. या मार्गातली खरी अडचण वेगळीच आहे. नव्या कंपनीचा एच-१बी अर्ज साठ दिवसांनंतर गेला, तर पावतीवर काम सुरू करण्याची मुभा उरत नाही. मंजुरीची वाट पाहावी लागते, आणि तोपर्यंत बी-२ चा अर्जही मंजूर व्हावा लागतो. बी-२ नाकारला गेला, तर पायाखालची जमीनच सरकते. फेब्रुवारी २०२५ मधल्या धोरणानुसार अर्ज नाकारल्यानंतर दर्जा नसलेल्या व्यक्तीला इमिग्रेशन न्यायालयापुढे हजर राहण्याची नोटीस काढली जाऊ शकते. म्हणून बी-२ कडे दोन-तीन महिन्यांचा सांधा म्हणूनच पाहावे.

'थोडे दिवस भारतात जाऊन येऊ, नोकरी मिळाली की परत,' हा सल्ला पूर्वी वाईट नव्हता. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेने त्याचा हिशेब बदलला. तिच्यानुसार २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या एच-१बी अर्जांसाठी मालकाला १,००,००० डॉलर भरावे लागतील असे ठरले, आणि २० ऑक्टोबरच्या खुलाशानुसार अमेरिकेत वैध दर्जात राहून केलेल्या मुदतवाढीच्या वा दर्जाबदलाच्या मंजूर अर्जांना ही रक्कम लागू होत नाही. अर्जदार देशाबाहेर असेल आणि त्याच्याकडे वैध एच-१बी व्हिसा नसेल, तर लागू होते. दर्जा तुटल्यामुळे खात्याने देशातल्या देशात बदल नाकारला, तरीही ती अंगावर येऊ शकते. बी-२ चा सांधा कच्चा राहिला तर काय होते, हे येथे दिसते : मालकाच्या दृष्टीने तोच उमेदवार एका दिवसात एक लाख डॉलरने महाग होतो. त्यात डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि एच-४ च्या अर्जदारांच्या समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाल्यावर भारतातल्या मुलाखतींच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या. पासपोर्टावरचा व्हिसा संपला असेल, तर देश सोडण्याचा निर्णय घेण्याआधी स्वतःच्या वकिलाकडून घोषणेची त्या दिवशीची स्थिती तपासून घ्यावी. कंपनीचा वकील हा कंपनीचा असतो, हे येथे विसरू नये.

एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा दर्जा, घेऊन पुन्हा शिक्षणाकडे वळणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असेल तर उत्तम. केवळ पहिल्या दिवसापासून काम करू देते म्हणून निवडलेले विद्यापीठ पुढच्या प्रत्येक अर्जात प्रश्न निर्माण करते.

ग्रीन कार्डाच्या रांगेतले स्थान

भारतीयांना सर्वाधिक धास्ती याचीच असते, आणि एका देशाला वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी सात टक्क्यांची मर्यादा असल्याने ती समजण्यासारखी आहे. सुदैवाने येथे नुकसान बऱ्याचदा वाटते त्यापेक्षा कमी असते. प्रक्रिया पर्मच्या टप्प्यावर असेल, तर नव्या कंपनीला ती पहिल्यापासून करावी लागते. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस झाले असतील, तर जुन्या कंपनीने तो मागे घेतला तरी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली आपली तारीख, टिकते आणि त्याच्या आधारे सहा वर्षांपलीकडची मुदतवाढही मिळू शकते. १८० दिवस पुरे होण्याआधी मागे घेतला, तर प्रायॉरिटी डेट सहसा राहते, पण मुदतवाढीचा आधार जातो. ज्यांची सहा वर्षे उलटली आहेत त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा आहे. शेवटच्या बैठकीत कंपनीला 'आय-१४० मागे घेऊ नका' अशी विनंती अवश्य करावी, आणि मंजुरीला पाच महिने झाले असतील तर ती लेखी करावी. आय-४८५, म्हणजे ग्रीन कार्डाचा शेवटचा अर्ज, दाखल होऊन १८० दिवस उलटले असतील, तर त्याच किंवा तत्सम स्वरूपाच्या नोकरीवर जाऊन अर्ज पुढे चालू ठेवता येतो. प्रलंबित आय-४८५ मुळे राहणेही अधिकृत असते, त्यामुळे अशा व्यक्तीवर साठ दिवसांचा तोच ताण नसतो.

आय-१४० मंजूर असूनही रांग पुढे सरकलेली नसलेल्यांना 'निकडीच्या परिस्थिती'वरून एक वर्षाचे ईएडी मागता येते. केवळ नोकरी गेली एवढे कारण त्याला पुरत नाही. गंभीर आजारपणासारखी ठोस अडचण कागदोपत्री दाखवावी लागते.

विमा, पैसा आणि घरचे

आरोग्य विमा शेवटच्या दिवशी किंवा त्या महिन्याच्या अखेरीस संपतो. नेमके काय, ते एचआरला विचारावे. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीचा विमा कोब्रा या कायद्याखाली १८ महिन्यांपर्यंत पुढे चालवता येतो. हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत रक्कम स्वतः भरावी लागते, त्यामुळे पहिला आकडा पाहून धक्का बसतो. परंतु निवड करायला साठ दिवस मिळतात आणि नंतर घेतला तरी तो मागील तारखेपासून लागू होतो. धडधाकट कुटुंबाला काही आठवडे थांबून पाहण्याची सोय त्यात आहे. जोडीदाराच्या कंपनीच्या विम्यात शिरायचे असेल, तर मुदत सहसा तीस दिवसांचीच असते, ती चुकवू नये.

बेकारभत्त्याचे नियम राज्यागणिक ठरतात, पण कुठल्याही मालकाकडे लगेच काम करण्यास मोकळे असण्याची अट असल्याने एच-१बीधारकाला तो बहुधा मिळत नाही. घरखर्चाचा अंदाज बांधताना तो धरूच नये.

जोडीदार आणि मुले यांचा एच-४ दर्जा मूळ व्यक्तीच्या दर्जावर उभा असतो, आणि जोडीदाराच्या ईएडीचा पायाही तोच. म्हणून ही बातमी घरी लगेच सांगावी. वकिलाला जोडीदाराचेही कागद लागतात, मुलांच्या शाळेचा विचार दोघांनी करायचा असतो, आणि आय-५३९ मध्ये कुटुंबातल्या प्रत्येकाचे नाव यावे लागते. रोज सकाळी 'ऑफिसला' जाण्याचे नाटक करणाऱ्या माणसाचे यातले काहीच वेळेवर होत नाही.

शेवटी परत जायचेच ठरले, तर मुदत पूर्ण होण्याआधी कंपनीने काढून टाकलेल्या एच-१बीधारकाला मायदेशी परतण्याचा वाजवी प्रवासखर्च देऊ करणे मालकावर बंधनकारक आहे. तो कुटुंबाच्या तिकिटांना लागू होत नाही आणि स्वतः राजीनामा देणाऱ्याला मिळत नाही. राजीनामा लिहून देण्याचा आग्रह झाला, तर हेही गणितात धरावे. ४०१(के) या निवृत्तिवेतनाच्या खात्यातले पैसे निघण्याच्या घाईत काढू नयेत, कारण वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढल्यास कराखेरीज काढलेल्या रकमेवर सहसा १० टक्के दंड पडतो. ते तेथेच ठेवून पुढे निर्णय घेता येतो. देश वेळेत सोडल्याचा पुरावा म्हणून बोर्डिंग पास आणि पासपोर्टावरचा भारतातल्या प्रवेशाचा शिक्का जपून ठेवावा. १८० दिवसांहून अधिक बेकायदा वास्तव्य करून बाहेर पडलेल्याला तीन वर्षांची आणि वर्षभर किंवा अधिक राहिलेल्याला दहा वर्षांची प्रवेशबंदी लागते, आणि पुढे आय-९४ च्या नोंदीत गमनाची तारीख चुकलेली निघाली, तर हेच कागद दाखवून ती दुरुस्त करून घेता येते.